लाल कांबळ्याची चिंधी

संताजी जगदाळ्याचा डावा डोळा गौतमपुऱ्यात गेला, आणि चूक आपली होती हे त्यानं मरेपर्यंत कबूल केलं नाही. तेव्हा वय एकोणीस. मामा तिथे नाकेदार. दिवाळीच्या पाडव्याला गौतमपुऱ्याचे आणि रुणजीचे गडी मैदानात समोरासमोर उभे राहतात, हिंगोटाच्या पोकळ फळात दारू ठासतात, पेटवतात आणि एकमेकांच्या अंगावर फेकतात. शहाणा माणूस ढाल घेऊन उतरतो. आमचा पठ्ठ्या ढाल मामाच्या ओसरीवर ठेवून गेला. का, तर होळकरांच्या रिसाल्यातल्या जगदाळ्यांना ढाल लागत नाही म्हणे! घ्या मग. तिसराच हिंगोट थेट तोंडावर आला आणि डोळा तिथल्या तिथे फुटला.

ज्यानं तो फेकला होता तो रुणजीचा गडी दुसऱ्या दिवशी गूळ घेऊन भेटायला आला. तिथली रीतच ती. मैदानात मारायचं, मैदानाबाहेर गळाभेट घ्यायची, वैर घरी न्यायचं नाही. संताजी खाटेवरून उठला आणि त्यानं त्याचं नाक फोडलं. गड्यानं बाहीनं रक्त पुसलं, विचारलं, "झालं?" आणि मग स्वतःच्याच बैलगाडीत घालून त्याला इंदूरच्या दवाखान्यात पोचवलं.

तो दवाखाना मिलच्या रस्त्यावरचा, धर्मादाय, चाळीस खाटांचा. संताजी तिथे आला तो तिथेच चिकटला. आधी झाडू मारला, मग बाटल्या धुतल्या, मग रक्त तपासायच्या खोलीत शिरला. तिथल्या सूक्ष्मदर्शकाला एकच नळी होती. बाकीचे लोक एक डोळा मिटून बघायचे आणि तासाभरात कपाळ धरून बसायचे. संताजीला ती कटकटच नव्हती. काचेवरच्या बारीक चौकटींत रक्ताचा थेंब पसरायचा आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या, दिवसाला तीस-तीस माणसांच्या. त्यातल्या लहान गोल पेशींना डॉक्टर लिम्फोसाइट म्हणत. संताजी त्यांना गोल शिपाई म्हणे, आणि कोणी हसलं तर मारायला उठे.

हात लवकर उठायचा त्याचा, हे खरंच. पण त्याला कारणही तसंच होतं. बायको बाळंतपणात गेली, मागे मुलगी राहिली, भानुमती. त्यानं तिला एकट्यानं वाढवलं. बाराव्या वर्षी तिच्या अंगावर निळे डाग यायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर चिंतामण दिघे, म्हणजे दवाखान्याचे मुख्य, त्यांनी छातीच्या हाडात सुई घालून पाहिलं आणि म्हणाले, "संताजी, रक्त हाडांतल्या मगजात तयार होतं. हिचा मगज सुकलाय."

"मग ओला करा!"

"परदेशात एका उंदराचा मगज दुसऱ्या उंदरात भरून पाहतायत. माणसांचं अजून काही धड नाही."

"मला उंदीर समजा, डॉक्टरसाहेब. माझी हाडं फोडा आणि घ्या."

उपाय एकच होता, दर दोन महिन्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं. आणि रक्त द्यायचं म्हटलं की त्या काळी लोक चपला टाकून पळत. संताजी मिलच्या फाटकावर उभा राहायचा, रक्तगट जुळणारा गडी दिसला की कॉलर धरून ओढत आणायचा. सख्ख्या चुलतभावाला त्यानं राजवाड्यासमोर भर बाजारात दोन थोबाडीत मारल्या होत्या, कारण तो 'उद्या येतो' म्हणून चार दिवस आला नव्हता. असा हा माणूस. पोरगी मात्र त्याला 'आबा' म्हणून हाक मारायची आणि तेवढ्यावर तो मेणाचा व्हायचा.

दर सोमवारी तो भानूचं बोट टोचायचा आणि तिचे शिपाई मोजायचा. साध्या माणसात दीड-दोन हजार असतात. भानूचे आठशे-नऊशे. त्यातच ती शाळेत जायची, अन्नपूर्णेच्या देवळात मैत्रिणींबरोबर हुंदडायची, आणि गुळाची पोळी झाली की बापाच्या ताटातली पण खायची.

नवं मध्य प्रदेश राज्य होऊन सात-आठ महिने झाले होते. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूर अजून धुसफुसत होतं. आणि अशा त्या सत्तावन सालच्या जूनमध्ये मुंबईच्या गाड्यांतून फ्लू आला. पंधरा दिवसांत चाळीस खाटांच्या दवाखान्यात नव्वद माणसं झाली. व्हरांड्यात, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे. बहुतेक चार दिवस कण्हून घरी जात. पण काही, आणि ते बरेचदा चांगले धट्टेकट्टे असत, चौथ्या दिवशी एकाएकी निळे पडत आणि रक्ताची फेसाळ थुंकी टाकत मरत. कोण जाणार आणि कोण राहणार हे कोणालाच सांगता येईना. प्राणवायूची नळकांडी दोनच. मरायला टेकलेल्याला लावायची तोपर्यंत उशीर झालेला असायचा.

संताजीला ते सांगता येऊ लागलं. मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं की जे चौथ्या दिवशी निळे पडतात, त्यांचे गोल शिपाई पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पाचशेच्या खाली आलेले असतात. ताप किती, वय काय, दंड केवढे, याला काही अर्थ नव्हता. तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "योगायोग असेल." संताजीनं टेबलावर मूठ आपटली, दौत उलटली. "सहा नावं लिहून देतो. परवा बघा." परवा सहातले चार निळे पडले. डॉक्टरांनी दौत पुसली आणि म्हणाले, "बरं बाबा. कसं करायचं सांग."

तेव्हा ती चिंधी निघाली. दवाखान्याच्या जुन्या लाल कांबळ्याच्या पट्ट्या फाडायच्या आणि ज्याचा आकडा पाचशेच्या खाली, त्याच्या खाटेच्या पायाला बांधायच्या. सिस्टर शालिनी आणि तिच्या हाताखालच्या बायकांना वाचायला वेळ नव्हता, चिंधी लांबून दिसायची. चिंधीवाल्याकडे तासातासाला बघायचं, आणि ओठ काळवंडायच्या आतच प्राणवायूची नळी लावायची. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी त्याला दोन चिंध्या, आणि नळकांडं आधी त्याचं. नियम सरळ होता. आधी पाचशेच्या खालचे दहातले आठ मरत, आता दहातले पाच मरू लागले. म्हणजे दहामागे तीन जीव वाचले, बरं का!

पण हे गणित खाटेशी बसलेल्या नातेवाइकाला कोण समजावणार? त्याला एवढंच दिसायचं, की एक काणा माणूस येतो, बोट टोचतो, लाल चिंधी बांधतो, मग नाकावर नळी चढते, आणि चिंधी बांधली की निम्मे मरतात. ज्याला बांधत नाही तो घरी जातो. बायका संताजीला बघून पदर तोंडावर घ्यायला लागल्या. मल्हारगंजात त्याच्या दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलं, 'यमाचा चपराशी'. संताजी आठ दिवस लिहिणाऱ्याला शोधत होता. बरंच झालं सापडला नाही.

महिन्याच्या शेवटी भानूला ताप आला. सपाटून नाही, शंभरावर थोडा. डॉक्टर दिघ्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, "हलका आहे. घाबरू नकोस."

"हलका नाही," संताजी म्हणाला. "ताप आणायलासुद्धा अंगात कोणी लढणारं लागतं, डॉक्टरसाहेब. हिच्यात कोण आहे?"

"अरे, तिचा आकडा नेहमीच कमी असतो. तुझा नियम तिला कसा लावायचा?"

"तिचा तिच्याशीच लावायचा. नेहमी नऊशे. आज दोनशे वीस."

डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग त्यांनी स्वतःच्या हातानं भानूच्या खाटेला चिंधी बांधली. एक नळकांडं कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला लागलं होतं आणि ते काढलं असतं तर तो दहा मिनिटांत गेला असता. दुसरं मोकळं होतं. "संध्याकाळपर्यंत लागेल तिला," डॉक्टर म्हणाले. "तयार ठेवा." संताजीनं हुश्श केलं आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

आणि तासाभरात रघुवीर मोहिते आला. मिलमधला गडी, चोवीस वर्षांचा, आखाड्यातला. तीन दिवसांपासून एकशे चार ताप, पण स्वतःच्या पायांनी चालत आला, आणि सिस्टर शालिनीला म्हणाला, "काही नाही हो ताई, एक सुई टोचा आणि सोडा, रविवारी कुस्ती आहे." बरोबर थोरला भाऊ उदयसिंह. मिलच्या कामगारांचा पुढारी. अंगानं दांडगा, आवाजानं त्याहून. "माझ्या भावाला काही झालं तर बघा हं," असं तो आल्या आल्याच सगळ्यांना सांगून गेला.

संताजीनं रघुवीरचा थेंब काचेवर पसरला आणि मोजला. एकशे ऐंशी.

त्यानं पुन्हा मोजला. एकशे ऐंशी. दुसरं बोट टोचून आणलं, तिसऱ्यांदा मोजला. एकशे पंचाहत्तर.

बाहेर सिस्टर कागदाची वाट बघत होती. खोलीत तो एकटाच. तीनशे वीस लिहिलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. चिंधी मिळालीच असती रघुवीरला, एक. नळकांडं भानूकडे राहिलं असतं. नवं नळकांडं उद्या दुपारच्या गाडीनं येणार होतं. पैलवान माणूस, काढेल रात्र. संताजीनं पेन्सिल उचलली, 'तीन' लिहिला, आणि उजव्या हातानं भिंतीला अशी बुक्की मारली की दोन बोटांची कातडी सोलली. मग 'तीन' खोडला आणि एकशे ऐंशी लिहिलं. कागद सिस्टरच्या हातात कोंबताना त्यानं तिला, डॉक्टरला, रघुवीरला आणि देवाला एकाच दमात शिव्या घातल्या.

डॉक्टरांनी आकडा वाचला, त्याच्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून म्हणाले, "दोन चिंध्या रघुवीरला."

दुपारी तीनला रघुवीरचा श्वास वाढला. शालिनीनं त्याला नळी लावली. शेजारच्याच खाटेवर भानू डोळे मिटून पडली होती, तिचे ओठ जांभळट व्हायला लागले होते. "आबा, उशी उंच कर ना," ती म्हणाली. त्यानं केली. पुन्हा म्हणाली, "अजून." त्यानं स्वतःचा कोट घडी घालून खाली दिला.

साडेतीनला उदयसिंह आला, बरोबर पाळी सुटलेले पंधरा-वीस गडी. त्याला दारातच कोणीतरी चिंध्यांचं सांगितलं होतं. तो खाटेशी आला, वाकून बघितलं, आणि दोन लाल चिंध्या पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"एक बांधली तर निम्मे मरतात," तो सावकाश म्हणाला. "माझ्या भावाला दोन? कोणी बांधल्या?"

"मी," संताजी म्हणाला.

पहिला ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. संताजी पडणारा नव्हता, त्यानं उलटा हाणला आणि उदयसिंहाचा ओठ फाडला. पण समोर वीस जण. कोणी पाण्याचा तांब्या हाणला, कोणी स्टूल. डावीकडून येणारं त्याला दिसायचंच नाही आणि हे त्यांच्या लक्षात आलं. सगळे डावीकडूनच मारायला लागले. सिस्टर शालिनी मधे पडली, "अरे, ती नळीच त्याला जिवंत ठेवतेय, मूर्खांनो!" तिला ढकलून दिलं, ती औषधाच्या कपाटावर आपटली आणि तशीच डॉक्टरांना बोलवायला धावली. आजारी माणसं खाटांखाली शिरली. तपासणीच्या खोलीतून काच फुटल्याचा आवाज आला. सूक्ष्मदर्शक खाली आदळला होता.

"ही पोरगी कोणाची?" उदयसिंहानं विचारलं.

"याच काण्याची," कोणीतरी म्हणालं.

उदयसिंहानं भावाच्या नाकावरची नळी ओढून काढली. दोन्ही चिंध्या दातांनी सोडल्या. बला उतरवायची असेल तर ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवावी लागते, हे त्याला त्याच्या आजीनं शिकवलं होतं. लिंबू नाही, भात नाही, पण उतारा तोच. त्यानं दोन्ही चिंध्या भानूच्या खाटेला करकचून बांधल्या. मग ते नळकांडं फरपटत आणलं आणि नळी आपल्या हातानं पोरीच्या नाकावर चढवली. "घे," तो ओरडला. "तुझ्या बापाचं मरण तुला! आता जाऊ दे ही, आणि माझा भाऊ राहू दे!"

संताजी भानूच्या खाटेच्या पायाशी पडला होता. तोंडात दोन दात सुटे होते. त्याला सगळं समजलं. मारायला आलेल्या माणसानं त्याच्या मुलीला श्वास दिला होता. आणि स्वतःच्या भावाचा काढून दिला होता.

तो कोपरावर उठला. "त्याला लाव," तो म्हणाला. "नळी त्याला लाव, उदयसिंह. त्याचा आकडा कमी आहे. मरेल तो."

"ऐकलं?" उदयसिंह गड्यांना म्हणाला. "पोरगी वाचवायला माझ्या भावाचा बळी मागतोय!" आणि त्यानं संताजीच्या बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी मोडलं.

मग ते वीस जण रघुवीरच्या खाटेभोवती पाठ लावून उभे राहिले आणि कोणाला जवळ येऊ देईनात. डॉक्टर आले, हात जोडले, ओरडले, त्यांचा चष्मा फोडला गेला. ते पोलिसांना आणायला कोतवालीकडे धावले. पोलीस यायला सव्वा तास लागला.

त्या सव्वा तासात संताजी जमिनीवर होता. बरगड्या मोडल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. त्याला पुन्हा सांगता आलं असतं. नळी स्वतः काढून भिरकावता आली असती, म्हणजे उदयसिंहाला निदान शंका आली असती. मार खायला तो कधी भ्यायला होता? पण त्याच्या डोळ्यासमोर भानूची नखं होती, खाटेवरून लोंबणाऱ्या हाताची. ती जांभळी होती. मग फिकट झाली. मग गुलाबी. तो त्या नखांकडे बघत राहिला आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

पाचच्या सुमाराला घेऱ्यातून उदयसिंहाचा आवाज आला, "रघू? ए रघू? अरे, बोल ना यार." मग घेरा फुटला. पोलीस आले तेव्हा वीसही गडी व्हरांड्यात उभे होते आणि आत उदयसिंह भावाची छाती चोळत होता.

पोलिसांनी विचारलं, कोणी मारलं. संताजी म्हणाला, "जिन्यावरून पडलो." गौतमपुऱ्याची रीत त्याच्या अंगात एवढी तरी मुरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं नळकांडं आलं. आठव्या दिवशी भानू उठून बसली आणि तिनं गुळाची पोळी मागितली.

दीड महिन्यानं, सोमवारी, संताजी भानूचं बोट टोचत होता. नवा सूक्ष्मदर्शक कुठूनसा मागून आणलेला. दारात उदयसिंह उभा राहिला. निम्मा झाला होता. भानू उठून बाहेर गेली.

"संताजीराव," तो म्हणाला. "डॉक्टरांनी मला सगळं समजावलं. तुम्ही तेव्हाच बोलला होतात. मी ऐकलं नाही. भावाला मीच मारलं." आणि तो पाय धरायला वाकला.

धरू द्यायचे होते. झालं गेलं, माणूस स्वतःच दोष घेतोय, घेऊ द्यायचा होता. कोणीही शहाण्यानं तेच केलं असतं. संताजीनं त्याचा दंड धरून त्याला उभा केला.

"एकदाच बोललो मी," तो म्हणाला.

"हो, पण मीच..."

"ऐक आधी! एकदा बोललो. सव्वा तास होता. तोंड चालत होतं माझं. दुसऱ्यांदा नाही बोललो. पोरीची नखं बघत बसलो." त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते तो पुसत नव्हता. "आता ठरव, कोणी मारलं ते."

उदयसिंहाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा हात उठला आणि संताजीच्या कानाखाली असा बसला की टेबलावरच्या काचा खळखळल्या. संताजीनं हात वर केला नाही. उजव्या बाजूनं येताना दिसला होता त्याला तो हात.

"झालं?" त्यानं विचारलं.

"नाही," उदयसिंह म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "नाही हो होणार, भैया, कधीच नाही होणार."

बाहेर भानू कुणाशी तरी खिदळत होती, ते आत ऐकू येत होतं. उदयसिंहानं दाराकडे बघितलं. मग तो स्टुलावर बसला, सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"हिला लागतं ना रक्त?" तो म्हणाला. "बघा माझं जुळतं का."

संताजीची सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली, आणि त्यानं थेंब काचेवर घेतला.